अश्मीभूत पंखांची लिपी

भाद्रपद सरत आला, की पावसाची झड उघडते आणि पिवळ्या उन्हात माळावर चतुरांचे थवे तरंगू लागतात. त्यांच्या मागे धावून, शेपटीला दोरा बांधून त्यांना उडविण्याचा क्रूर खेळ आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला आहे. त्या खेळाच्या शेवटी काय उरत असे, हे ज्यांना आठवत असेल त्यांना प्रस्तुत लेखाचा विषय चटकन ध्यानात येईल. चतुर मरे, मुंग्या त्याचे धड ओढून नेत, आणि अंगणात दोन-चार पंख तेवढे पडून राहात. ते अभ्रकासारखे पारदर्शक असत आणि बारीक शिरांच्या जाळीने विणलेले असत. मुंग्यांना त्यांत खाण्याजोगे काही सापडत नसे, म्हणून त्या ते सोडून देत. मुंग्यांनी अंगणात केलेली ही निवड निसर्ग कोट्यवधी वर्षे करीत आला आहे. देह गेले आणि पंख मागे राहिले.

पृथ्वीच्या पोटातील कीटकांचा इतिहास बहुतांशी अशा मागे राहिलेल्या पंखांवर रचला गेला आहे. एखाद्या खाणीत शिळा फुटते आणि तिच्या आत पंखाचा ठसा दिसतो. डोके नाही, पाय नाहीत, पोट नाही. आणि तरीही कोणी विद्वान त्या ठशापुढे बसून त्या प्राण्याला नाव देतो, त्याचे कुल सांगतो, आणि सृष्टीच्या वहीत एका नामशेष जातीची नोंद होते. हे ऐकून सामान्य माणसाच्या मनात एक तर अचंबा उत्पन्न होतो, नाही तर अविश्वास. आमच्या मते केवळ अचंबा हा भाबडेपणा होय आणि केवळ अविश्वास हा आळस होय. विद्वानाने ते कसे ओळखले, कशाच्या आधारावर ओळखले, आणि कोठे त्याची चूक झाली, हे पाहिल्यावाचून त्याच्यावर विश्वासही ठेवू नये आणि त्याला नावेही ठेवू नयेत.

फाटक्या कागदांवरून इतिहास लिहिण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जुन्या मोडी पत्राचा मायना गेलेला असतो, शेवटची मिती कसरीने खाल्लेली असते, मधल्या चार ओळी तेवढ्या शाबूत असतात. प्रामाणिक संपादक त्या चार ओळी जशाच्या तशा छापतो आणि जेथे कागद फाटला आहे तेथे टिंबे देतो. उतावळा संपादक टिंबांच्या जागी आपल्या मनातले शब्द भरतो. अश्मीभूत पंखांच्या वाचनाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा या दोन प्रवृत्तींच्या झगड्याचाच इतिहास आहे, आणि तोच आम्हांस येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम पंखच का उरतात ते पाहू. कीटकाच्या अंगाला हाडे नसतात. त्याचे कवच हेच त्याचे हाड. हे कवच कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे असते. धडामध्ये या कवचाच्या आत मांस, रस व आतडी असतात. ती कुजतात, आणि मासे, बेडूक, मुंग्या यांना ती हवीच असतात. पंखात मात्र कवचाचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांस चिकटलेले असतात आणि त्यांना ताठ ठेवणाऱ्या शिरांच्या नळ्या असतात. याहून अधिक असे त्यात जवळजवळ काहीच नसते. असा हलका पंख वाऱ्याने उडतो, डबक्यावर तरंगतो, भिजून तळाशी बसतो. वर मऊ गाळ साचला, गाळाचा खडक झाला, की पंखाची आकृती त्यात मुद्रेप्रमाणे उमटून राहते. क्वचित तिच्यावरील रंगांचे पट्टे व ठिपकेसुद्धा फिकट होऊन टिकतात.

जे उरते ते नेमके कामाचेही असते, हा योगायोग कीटकशास्त्रज्ञांच्या भाग्याचा म्हटला पाहिजे. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे मोठे वर्ग पाडले, ते मुख्यतः पंखांवरून. ज्यांचे पुढचे पंख ढालीसारखे टणक ते ढालपंखी भुंगे, ज्यांच्या पंखांवर खवले ती फुलपाखरे, ज्यांना दोनच पंख त्या माश्या, अशी ती वाटणी आहे, आणि तिच्यातील बरीच नावे आजही चालू आहेत. लिनियसच्या डोळ्यांपुढे अश्मीभूत कीटक नव्हते. परंतु जिवंत कीटकांची ओळख त्याने पंखांवर बसविली, म्हणून मेलेल्यांच्या पंखांना पुढे साक्षीदाराची योग्यता आली.

या साक्षीदाराची भाषा म्हणजे शिरा. पंखाच्या बुडापासून निघणाऱ्या मोठ्या शिरा मोजक्याच असतात. त्या पुढे फुटतात, एकमेकींना आडव्या शिरांनी जोडल्या जातात, आणि या फाट्यांचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठराविक राहतो. एकाच जातीच्या दोन चतुरांत बारीक चौकोनांची संख्या थोडी कमी-अधिक असेल, पण मोठी शीर कोठे फुटावी हे सहसा बदलत नाही. शिवाय पंख हा सपाट कागद नव्हे. तो कागदी पंख्यासारखा चुण्यांचा असतो. काही शिरा चुणीच्या माथ्यावर धावतात, काही खोलगट भागातून. कडेच्या लगतची एक शीर नेहमी खोलात असते आणि तिच्या शेजारची मोठी शीर नेहमी उंचवट्यावर. हा नियम कीटकसृष्टीत इतका सार्वत्रिक आहे, की तो हाती आला म्हणजे अर्धी लिपी हाती आली असे समजावे.

तथापि दगडातले वाचन अंगणातल्या वाचनाइतके सोपे नसते. शिळा फुटते तेव्हा तिचे दोन तुकडे होतात आणि पंखाचा ठसा दोन्हींवर उमटलेला असतो. एकीवर जो उंचवटा तोच दुसरीवर खड्डा. शिवाय पंख वरून दिसतो आहे की खालून, तो उजवा की डावा, पुढचा की मागचा, हे प्रश्न असतातच. अभ्यासक दिव्याचा उजेड तिरपा पाडून सावल्यांवरून उंच-खोल ठरवितो. दगडावर मद्यार्क लावून ओलसर पृष्ठावर शिरा उठून दिसतात का ते पाहतो. मग एकेक रेषा मोजून कागदावर उतरवितो. खडकाच्या दाबाने पंख कधी एका बाजूस ताणला गेलेला असतो, आणि मूळचा रुंद पंख अरुंद दिसतो. एकाच प्राण्याच्या पुढच्या पंखाला एक नाव आणि मागच्या पंखाला दुसरे, असा घोटाळाही या शास्त्रात होऊन गेला आहे.

हे सर्व करून जे लिहावयाचे त्याला वर्णन म्हणतात, आणि त्याची एक शिस्त ठरलेली आहे. नमुना कोठल्या गावच्या कोठल्या थरात सापडला, तो कोठल्या संग्रहात ठेवला आहे, त्याची लांबी-रुंदी किती, कोणती शीर कोठे फुटते, जवळच्या इतर जातींहून तो कोठे निराळा आहे, आणि मुख्यतः त्याचा कोणता भाग सापडलेला नाही, हे सर्व त्यात सांगावे लागते. नावाचे पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. ज्या दगडावरून वर्णन केले तो त्या नावाचा मूळ नमुना ठरतो आणि नाव कायमचे त्याला बांधले जाते. पुढे कोणालाही त्या संग्रहालयात जाऊन तोच दगड पुन्हा वाचता येतो. म्हणून आम्ही म्हणतो, की असे वर्णन हा शेवटचा निकाल नसून पुढच्या वाचकाच्या हाती दिलेली सही-शिक्क्याची नक्कल होय.

आता टिंबांच्या जागी शब्द भरल्याने काय होते त्याचे एक उदाहरण देतो. कॅनडातील न्यू ब्रन्स्विक प्रांतात सेंट जॉन शहराजवळ समुद्रकाठी नेच्यांच्या ठशांनी भरलेल्या खडकांच्या कपारी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात चार्ल्स फ्रेडरिक हार्ट या तरुण संशोधकास तेथे काही कीटकांच्या पंखांचे तुकडे सापडले. त्या वेळी ते खडक डेव्होनियन काळातले, म्हणजे कोळशाच्या युगाच्याही पूर्वीचे मानले जात. अर्थातच हे पंख जगातील सर्वांत प्राचीन पंख ठरले. त्यांचे वर्णन अमेरिकेतील सॅम्युएल स्कडर यांनी केले. स्कडर हे लहानसहान गृहस्थ नव्हते. अश्मीभूत कीटकांच्या अभ्यासाचा अमेरिकेतील पाया त्यांनी घातला. एका पंखाच्या बुडाशी त्यांना काही गोलाकार रेषा दिसल्या, आणि नाकतोड्याच्या पंखावर ध्वनी काढण्याचे जे साधन असते तेच हे, असे त्यांनी मानले. त्या प्राण्याच्या नावाचा अर्थ ‘अनोळखी शिरांचा’ असा आहे. परंतु त्या अनोळखी शिरांना त्यांनी ओळखीचे गाणे देऊन टाकले.

ही गोष्ट तेथेच थांबली नाही. डार्विन यांनी १८७१ साली मनुष्याच्या अवतरणावरील आपल्या ग्रंथात कीटकांच्या गायनाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून हाच पंख पुढे केला. कोणालाही मोह पडावा असेच ते चित्र होते. पृथ्वीवर पक्षी नाहीत, फुले नाहीत, आणि नेच्यांच्या निःशब्द रानात पहिला नाकतोडा पहिला सूर काढीत आहे! पुढे अधिक बारकाईने पाहता त्या रेषांचा तो अर्थ टिकला नाही. इतकेच नव्हे, तर खडकांचे वयही चुकले होते. मेरी स्टोप्स या इंग्रज विदुषींनी, ज्यांचे नाव संततिनियमनाच्या चळवळीमुळे पुढे सर्वतोमुखी झाले त्याच त्या, या कपारींतील वनस्पतींचा कसून अभ्यास करून १९१४ साली दाखवून दिले, की हे खडक डेव्होनियन नसून कोळशाच्या युगातले आहेत. गाणे गेले आणि पहिलेपणाचा मानही गेला. मात्र पंख होता तेथेच आहे आणि त्याच्या शिरांची रेखाटने आजही उपयोगी पडतात. स्कडर यांनी जे पाहिले ते टिकले; जे ऐकले ते तेवढे गेले.

या कथेच्या शेजारी ठेवण्याजोगी दुसरी कथा फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या कोमांत्री या गावची आहे. आलिए प्रांतातील या गावी दगडी कोळशाच्या खाणी होत्या. तेथे आंरी फेयोल नावाचे अभियंते १८६० साली नोकरीस लागले आणि चढत चढत खाणींचे प्रमुख झाले. कारखान्यांच्या व्यवस्थापनाचे शास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्यवस्थापनविषयक ग्रंथामुळे परिचयाचे असेल. परंतु कोळसा कसा साचला या प्रश्नाचाही त्यांना नाद होता, आणि त्यांच्या देखरेखीखाली खाणीतून केवळ कोळसाच नव्हे, तर वनस्पती, मासे व कीटक यांच्या ठशांचा एक अपूर्व खजिना बाहेर आला. या खजिन्यातील कीटक पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील शार्ल ब्रोंन्यार या तरुणाच्या हाती पडले.

ब्रोंन्यार हे घराणेच खडक वाचणारांचे होते. पूर्वज आलेक्सांद्र यांनी क्यूव्हिए यांच्याबरोबर पॅरिसभोवतीच्या खडकांचे थर लावले होते. आजोबा आदोल्फ यांनी अश्मीभूत वनस्पतींच्या शास्त्राचा पाया घातला होता. एका हाडावरून सबंध प्राणी उभा करून दाखविण्याची जी ख्याती क्यूव्हिए यांची होती, तिच्या छायेत हा नातू वाढला. १८५९ साली जन्मलेल्या या माणसाच्या वाट्यास हाड नाही, पंख आला.

आरंभी ब्रोंन्यार यांच्याही हातून टिंबांच्या जागी शब्द भरले गेले. १८७८ साली त्यांनी कोमांत्रीच्या एका कीटकाला ‘आद्य काडीकिडा’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि १८८२ साली दुसऱ्या एका मोठ्या कीटकाला ‘प्रचंड काडीकिडा’ अशा अर्थाचे. या दुसऱ्याच्या नावात फेयोल यांचा गौरव केला. वाळक्या काडीसारखा दिसणारा आजचा काडीकिडा यांचा वंशज, असे त्यांचे म्हणणे होते. यातील प्रचंड काडीकिडा प्रामुख्याने धडावरून ओळखला गेला होता. धड लांब व दणकट, म्हणून काडीकिडा! आज हे नाते कोणी मानीत नाही. पुष्कळदा आपण समजतो, की देह सापडला म्हणजे ओळख पटली आणि पंख तेवढा सापडला म्हणजे ओळख अर्धवट राहिली. कोमांत्रीत याच्या उलट घडले. धडाच्या ओबडधोबड सारखेपणाने फसविले, आणि पंखाच्या नाजूक रेषांनी वाट दाखविली.

१८८४ साली ब्रोंन्यार यांनी फ्रेंच विज्ञानपरिषदेच्या वृत्तांतात एका अवाढव्य पंखांच्या कीटकाची हकीकत दिली. प्रथम त्यांनी त्यास ‘जाळीदार शिरांचा’ या अर्थाच्या, आधीपासून रूढ असलेल्या प्रजातीत घातले आणि खाणींचे संचालक स्तेफान मोनी यांचे नाव जातीस दिले. वर्षभरातच, १८८५ साली, त्यास स्वतंत्र प्रजातीचा मान देऊन त्यांनी नवे नाव ठेविले: मेगान्यूरा. याचा अर्थ एवढाच, की ‘मोठ्या शिरांचा’. वाचकांनी या नावातील संयम लक्षात घ्यावा. त्यात कोणाचे नाते सांगितलेले नाही, गाणे नाही, सवय नाही. दगडावर जे दिसते तेवढेच नावात आहे. ‘प्रचंड काडीकिडा’ हे नाव आज चुकीचे वाटते, ‘मोठ्या शिरांचा’ हे मात्र कधीच चुकीचे ठरणार नाही.

आणि त्या शिरा खरोखरच मोठ्या होत्या. मेगान्यूराचे पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर भरे, म्हणजे आपल्याकडील घारीच्या निम्म्याएवढे. आजच्या चतुरवर्गातील सर्वांत मोठ्या कीटकाचा विस्तार १९ सेंटिमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकाराची कल्पना येईल. हा प्राणी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी कोमांत्रीच्या दलदलीवरून उडत असे. त्याची चित्रे लोकप्रिय पुस्तकांतून ‘राक्षसी चतुर’ या नावाने छापली जातात. परंतु पंख काय म्हणतो? अंगणातल्या चतुराचा पंख उजेडात धरा. पुढच्या कडेच्या मध्यावर एक खाच आणि गाठ दिसेल. टोकाजवळ कडेला एक गडद, जाडसर ठिपका दिसेल. मेगान्यूराच्या पंखावर ती गाठ नाही आणि तो ठिपकाही नाही. तो चतुरांचा आप्त खरा, पण चतुर नव्हे. ब्रोंन्यार यांनीही १८९३ सालच्या आपल्या मोठ्या प्रबंधात अशा कीटकांचा वर्ग खऱ्या चतुरांपासून वेगळा काढला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर ते वारले. त्यांनी वाचलेले दगड पॅरिसच्या संग्रहालयात आजही पुढच्या वाचकांची वाट पाहात आहेत.

ब्रोंन्यार यांच्या हयातीच्या अखेरीस या लिपीला एक सर्वमान्य बाराखडी मिळाली. तोपर्यंत माश्यांचा पंडित एका शिरेस एक नाव देई, फुलपाखरांचा पंडित तिलाच दुसरे, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नसे. अमेरिकेतील कॉम्स्टॉक व नीडहॅम या जोडीने १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत अपक्व कीटकांच्या उमलत्या पंखांतील श्वासनलिकांचा माग काढून, सर्व कीटकांच्या पंखांतील मुख्य शिरा मुळात त्याच आहेत असे प्रतिपादन केले आणि प्रत्येकीस एकच नाव दिले. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी ही पद्धत सर्वत्र रुजली. याच १८९८ साली वाईस राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, ही आठवण येथे सहज होते. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण मूळ कागद आधी, कथा मागाहून, हा आग्रह दोहोंकडे सारखाच आहे.

या शिस्तीचा कस अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात लागला. तेथील एल्मो गावाजवळील खडक कोळशाच्या युगानंतरच्या पर्मियन काळातले आहेत. १९३९ साली हार्वर्डच्या फ्रँक कार्पेंटर यांनी तेथल्या एका अपुऱ्या पंखावरून मेगान्यूराहूनही किंचित मोठ्या कीटकाचे वर्णन केले आणि नाव दिले ते ‘मेगान्यूरासारखा’ या अर्थाचे. पंख तुटका होता. शिरांची ठेवण पाहून, जवळच्या आप्तांच्या प्रमाणाने सबंध पंखाची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असावी असे त्यांनी ठरविले. हेही टिंबे भरणेच नव्हे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की टिंबे भरू नयेत असे नाही. ती भरली आहेत हे लपवू नये. मोजलेले आकडे आणि अंदाजाचे आकडे वेगवेगळे छापले, म्हणजे वाचकाची फसवणूक होत नाही.

अशा संयमाने साठविलेल्या नोंदींचा लाभ पुढच्या पिढ्यांना अनपेक्षित मार्गांनी होतो. २०१२ साली क्लॅपहॅम व कार या दोन संशोधकांनी साडेदहा हजारांहून अधिक अश्मीभूत कीटकांच्या पंखांची मापे एकत्र केली. त्यांना असे आढळले, की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कीटकांचा कमाल आकार हवेतील प्राणवायूच्या प्रमाणाबरोबर वाढला व घटला; त्यानंतर मात्र प्राणवायू वाढत गेला तरी कीटक मोठे झाले नाहीत. याच सुमारास आकाशात पक्षी आले होते. अवजड कीटकाला चपळ पक्ष्यापुढे निभाव धरता आला नसावा, असे त्यांचे अनुमान आहे. या सिद्धांतामागे शेकडो अभ्यासकांनी निमूटपणे केलेली मोजणी आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांना प्राणवायूच्या प्रश्नाची कल्पनाही नव्हती. तसेच २०१८ साली आंद्रे नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेगान्यूराच्या कोमांत्री येथीलच एका आप्ताचे डोके पुन्हा तपासले. त्यात माथ्याकडे वाढलेले प्रचंड डोळे व बळकट जबडे दिसून आले. त्यावरून हे कीटक झुडपांत दबा धरून बसणारे नसून उघड्या हवेत भक्ष्य पकडणारे होते असे ठरले. जे पंखावरून सांगता येत नव्हते ते डोके तपासल्यावर कळले. तोवर ती जागा रिकामी ठेवणारांची लाज राहिली.

एवढ्या दूरच्या गोष्टी सांगून झाल्यावर, कालक्रमाने या सर्वांच्या आधीची असूनही मुद्दाम मागे ठेवलेली एक घरची गोष्ट सांगतो. स्कॉटलंडहून १८४४ साली हिंदुस्थानात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप पुढील वर्षापासून नागपुरास राहू लागले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजास नाव आहे ते यांचेच. धर्मप्रसाराच्या कामातून सवड काढून ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या परिसरातील खडक फोडीत. शहराजवळील टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेला गाळाचा एक पातळ थर आहे. ज्वालामुखीच्या एका लोटानंतर दुसरा लोट येईपर्यंत जो विसावा मिळाला, त्या अवधीत तेथे गोड्या पाण्याची तळी होती. त्यांच्या गाळात शिंपले, फळे व बिया, आणि त्यांबरोबर काही भुंग्यांचे पंख राहिले. हा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, असे आज मानतात.

हे पंख विलायतेस गेले, आणि अँड्र्यू मरे या स्कॉटिश कीटकज्ञाने १८६० साली लंडनच्या भूविज्ञान परिषदेच्या त्रैमासिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका जातीस हिस्लॉप यांचे आणि दुसरीस हंटर यांचे नाव देण्यात आले. नागपूरची माती अशा रीतीने अश्मीभूत कीटकांच्या इतिहासात फार लवकर दाखल झाली. परंतु चतुराचा पंख आणि भुंग्याचा पंख यांत मोठा भेद आहे. भुंग्याचा पुढचा पंख उडण्याचे काम सोडून झाकण झालेला असतो. त्यातील शिरा जवळजवळ लोपलेल्या असतात. आकार, पृष्ठावरील उभ्या रेघा आणि टिंबांसारखे खळगे, एवढीच त्याची साक्ष. ज्या लिपीवर मेगान्यूराचे कुल ठरले, ती लिपीच येथे पुसट. म्हणून अशा एका झाकणावरून भुंग्याचे कुल ठरविताना जोखीम अधिक, आणि असे निर्णय पुढच्या वाचकाने पुन्हा तपासून घ्यावे हे उत्तम.

मग त्या वर्णनांचे मोल कमी का? आम्हांस तसे वाटत नाही. दख्खनवर अग्नीचे लोट वाहात असताना, दोन लोटांच्या मधल्या उसंतीत टाकळीच्या तळ्याकाठी भुंगे फिरत होते, ही गोष्ट त्या झाकणांवाचून आपल्याला कोणी सांगितली असती? हिस्लॉप यांनी दगड फोडला नसता, किंवा फोडून फेकून दिला असता, तर ते भुंगे जगले होते याला जगात पुरावा उरला नसता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराने भरलेला ओढा ओलांडण्याच्या प्रयत्नात हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांचे वय तेव्हा ४५ वर्षांचे होते. त्यांनी वेचलेल्या पंखांना त्यांचे नाव आधीच मिळाले होते.

नामशेष झालेल्या प्राण्याचे आपण काही देणे लागतो की काय, असा प्रश्न आमच्या मनात पुष्कळदा येतो. तो आपल्यापाशी काही मागू शकत नाही. परंतु त्याच्या अंगाचा एकच पापुद्रा आपल्या हाती आला असेल, तर त्यावर जे लिहिले आहे ते नीट वाचावे, जे लिहिलेले नाही ते त्याच्या माथी मारू नये, आणि वाचलेले असे नोंदून ठेवावे, की आपल्याहून जाणत्या माणसाला ते उद्या तपासता यावे, एवढे तरी आपल्या हातचे आहे. यंदा भाद्रपदात मुलांनी अंगणातून चतुराचा एखादा पंख उचलून आणला, तर तो केराबरोबर लोटून न देता त्यांना एकदा उजेडात धरावयास सांगावे. कडेची गाठ व टोकाचा ठिपका त्यांना स्वतःलाच सापडेल, आणि मग मेगान्यूराच्या पंखावर तो ठिपका का नव्हता, हा प्रश्नही तीच विचारतील.